रिमॅप केलेल्या टर्बो गाडीचा बूस्ट कमी झाल्यास दोष कसा शोधावा

रिमॅप केलेली, म्हणजे इंजिनाच्या नियंत्रक संगणकाचे सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवलेली गाडी एके दिवशी पूर्वीसारखी ओढेनाशी होते, आणि गॅरेजमध्ये बॉनेट उघडल्यावर पाच मिनिटांत "टर्बो गेला" असा निकाल ऐकू येतो. हा निकाल क्वचित बरोबर ठरतो. टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात हवा दाबून भरणारा पंप, हा या साखळीतील सर्वांत महाग भाग असला, तरी बूस्ट, म्हणजे त्या हवेचा जादा दाब, कमी होण्याच्या कारणांमध्ये त्याचा क्रमांक बराच खाली लागतो. शिवाय खरा दोष तसाच ठेवून नवा टर्बो बसवला, तर तोही लवकर निकामी होण्याची शक्यता असते. त्याचे कारण पुढे येईलच. म्हणून सुटे भाग बदलण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर मिळवावे: गाडीचा ईसीयू (इंजिनाचा नियंत्रक संगणक) तेवढा दाब मागतो आहे का? मागत असेल आणि मिळत नसेल, तर तपासाची दिशा एक. मुळात मागतच नसेल, तर ती पूर्णपणे वेगळी.

येथील विवेचन मुख्यतः छोट्या टर्बो पेट्रोल इंजिनांना धरून केले आहे. भारतात फियाटचे १.४ टी-जेट किंवा स्कोडा-फोक्सवॅगनचे १.८ टीएसआय ही त्यांची परिचित उदाहरणे. डिझेल गाड्यांत जे वेगळे आहे, ते शेवटाकडे थोडक्यात सांगितले आहे.

रिमॅपमुळे नेमके काय बदलते, हे आधी लक्षात घ्यावे. समजा, मूळ गाडीत कमाल बूस्ट ०.७ बार होता आणि रिमॅपनंतर तो १.१ बार झाला. इंटरकूलरचा (टर्बोने दाबलेली हवा थंड करणाऱ्या रेडिएटरचा) पाइप आतून ६० मिलिमीटर व्यासाचा असेल, तर त्याच्या छेदाचे क्षेत्रफळ सुमारे २८ चौरस सेंटिमीटर भरते. याचा अर्थ, पाइपाला सांध्यातून बाहेर ढकलणारा जोर पूर्वी साधारण २० किलो होता, तो आता ३१ किलोच्या वर गेला. सिमेंटच्या गोणीच्या निम्म्याहून अधिक वजन प्रत्येक वेळी ॲक्सिलरेटर दाबताच एका रबरी होजवर आणि एका क्लिपवर येते. मूळ क्लिपा आणि प्लास्टिकचे सांधे या हिशेबाने बनवलेले नसतात, आणि म्हणूनच बदल केलेल्या गाडीत हवेची गळती हा पहिला संशयित मानावा.

तत्पूर्वी गाडीत खरोखरच बूस्ट कमी झाला आहे ना, याची खात्री करून घ्यावी. "पिकअप गेला" या तक्रारीखाली पुष्कळ वेगवेगळे दोष लपतात. रिमॅपमुळे वाढलेला टॉर्क मूळ क्लचला पेलत नसेल, तर आरपीएम झपाट्याने वर जातो आणि वेग मात्र त्या मानाने वाढत नाही. बूस्ट गेजचा काटा अशा वेळी आपल्या जागी व्यवस्थित असतो. रिमॅप ९७ ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी केलेला असेल आणि टाकीत त्याहून कमी ऑक्टेनचे इंधन भरले असेल, तर नॉक सेन्सरच्या (सिलिंडरमधील इंधनाचा अवेळी भडका ओळखणाऱ्या सेन्सरच्या) सूचनेवरून ईसीयू इग्निशनचे टायमिंग मागे घेतो आणि गाडी मंद वाटते. येथेही बूस्ट पूर्ण असू शकतो. मे महिन्याच्या दुपारी वाहतुकीत अडकलेल्या गाडीच्या इंटरकूलरला थंड हवा मिळत नाही, आत जाणारी हवा ६० अंशांच्या वर तापते आणि ईसीयू आपणहून माघार घेतो. यातील एकाही तक्रारीचा टर्बोशी संबंध नाही.

दुसरी उपयुक्त नोंद दोषाच्या स्वभावाची. चालता चालता एकदम ताकद जाणे, आणि गाडी बंद करून पुन्हा सुरू केल्यावर ती परत येणे, याचा अर्थ ईसीयूने संरक्षक अवस्था, म्हणजे लिम्प मोड, स्वीकारला होता. अशा वेळी स्मृतीत कोड हमखास असतो. पी ०२९९ हा कोड दाब अपेक्षेहून कमी असल्याचे सांगतो, तर पी ०२३४ हा अपेक्षेहून जास्त असल्याचे. दुसरा कोड अनेकांना गोंधळात टाकतो. दाब क्षणभर मर्यादेबाहेर गेला म्हणून ईसीयूने तो पूर्ण तोडला, आणि चालकाला जाणवला तो फक्त तोडल्याचा परिणाम. कमी बूस्टची तक्रार घेऊन आलेल्या गाडीत खरा दोष अतिबूस्टचा असू शकतो, म्हणून कोड वाचल्याशिवाय आणि लिहून घेतल्याशिवाय ते पुसू नयेत. "आधी एरर साफ करू, मग बघू" ही पद्धत पुरावा नष्ट करणारी आहे.

इंजिन बंद असताना घ्यायचे पहिले मोजमाप

हे मोजमाप फुकट आहे, दोन मिनिटांचे आहे, आणि तरीही ते जवळजवळ कोणी घेत नाही. इग्निशन चालू करावे, इंजिन सुरू करू नये, आणि स्कॅनरवर मॅप सेन्सर (इंजिनाच्या इनटेक मॅनिफोल्डमधील दाब मोजणारा), बूस्ट सेन्सर व हवामानाचा दाब मोजणारा सेन्सर, यांपैकी जे गाडीत असतील त्या सर्वांचे आकडे पाहावेत. इंजिन थांबलेले असताना सगळीकडे एकच दाब असतो, तो म्हणजे बाहेरच्या हवेचा. समुद्रसपाटीला मुंबईत हा आकडा १०१० मिलिबारच्या आसपास येईल, सुमारे ५६० मीटर उंचीवरील पुण्यात ९४० ते ९५० च्या दरम्यान, आणि महाबळेश्वरला ८६० च्या जवळ. पुण्यात उभ्या असलेल्या गाडीचा एखादा सेन्सर १०५० दाखवत असेल, किंवा दोन सेन्सरांत ३०-४० मिलिबारांचा फरक असेल, तर त्यापुढचे कोणतेही मोजमाप विश्वासार्ह राहत नाही. मूळ सेन्सरच्या जागी अधिक क्षमतेचा, तीन किंवा चार बारचा सेन्सर बसवलेला असेल आणि रिमॅपमध्ये त्याची मापनपट्टी बदललेली नसेल, तर हा घोटाळा येथेच उघडा पडतो.

याच जागी निरपेक्ष दाब आणि गेजवरचा दाब यांतील फरकही पक्का करून घ्यावा. ईसीयू निरपेक्ष, म्हणजे निर्वातापासून मोजलेल्या दाबात विचार करतो. डॅशबोर्डवर बसवलेला गेज बाहेरच्या हवेपेक्षा किती जास्त, एवढेच सांगतो. ईसीयूने १८०० मिलिबार मागितले, तर मुंबईत गेज साधारण ०.८ बार दाखवील, पुण्यात ०.८५ आणि महाबळेश्वरला ०.९४. म्हणजे घाट चढून वर गेल्यावर त्याच आकड्यासाठी टर्बोला अधिक कष्ट पडतात: मुंबईत त्याला हवा १.८ पटीने दाबावी लागत होती, महाबळेश्वरला २.१ पटीने. लहान टर्बो रिमॅपमुळे आधीच आपल्या मर्यादेजवळ चालत असेल, तर वरच्या आरपीएमला डोंगरावर तो थोडा कमी पडणे स्वाभाविक आहे. तो दोष मानून दुरुस्तीच्या मागे लागू नये.

मागणी आणि पुरवठा

आता चालत्या गाडीचा लॉग घ्यावा. मागितलेला बूस्ट, मिळालेला बूस्ट, वेस्टगेट (टर्बोला वळसा घालून एक्झॉस्ट सोडणारी, बूस्टवर नियंत्रण ठेवणारी झडप) नियंत्रणाची टक्केवारी, थ्रॉटलचा कोन, आरपीएम, आत येणाऱ्या हवेचे तापमान, टायमिंगमधील माघार आणि इंधनाच्या रेलमधील (इंजेक्टरना इंधन पुरवणाऱ्या सामाईक नळीतील) दाब, एवढ्या नोंदी हव्यात. गाडीच्या ओबीडी या निदान-सॉकेटला लावायचे स्वस्त ब्लूटूथ यंत्र येथे अपुरे पडते, कारण सर्वसाधारण ओबीडीमध्ये मागितलेला बूस्ट सहसा मिळत नाही आणि मॅप सेन्सरचा प्रमाणित आकडा २५५ किलोपास्कलच्या वर जाऊच शकत नाही. फोक्सवॅगन समूहाच्या गाड्यांसाठी व्हीसीडीएस हे निदान सॉफ्टवेअर, आणि इतरांसाठी त्या त्या ब्रँडची खोलवर वाचणारी प्रणाली वापरावी. ट्यूनर (रिमॅप करणारा) स्वतः लॉगिंगची सोय देत असेल तर उत्तम.

चाचणीसाठी डायनो (गाडी रोलरवर जागीच चालवून ताकद मोजणारे यंत्र) मिळाला तर तोच वापरावा. रस्त्यावर घ्यायची असेल तर मोकळा चढ, दुसरा गिअर, आणि शेजारी लॅपटॉप सांभाळणारी दुसरी व्यक्ती असावी. चालकाने स्क्रीनकडे पाहू नये. कमी आरपीएमपासून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून आरपीएम सलग वर जाऊ द्यावा. ऑटोमॅटिक गाडी मॅन्युअल मोडमध्ये ठेवावी, अन्यथा ती मधेच गिअर बदलते आणि लॉग निरुपयोगी होतो.

लॉग वाचताना सर्वप्रथम मागणीची रेषा पाहावी. ती स्वतःच खाली आली असेल, तर ईसीयूला दाब नको आहे आणि पाइप तपासण्यात अर्थ नाही. अशा वेळी तापमान, नॉकमुळे घेतलेली माघार, रेलमधील दाब आणि गिअरबॉक्सकडून आलेली टॉर्कची मर्यादा यांकडे वळावे. थेट इंधन फवारणाऱ्या इंजिनात उच्च दाबाचा पंप थकला, तर वरच्या आरपीएमला रेलमधील दाब घसरतो आणि काही ईसीयू त्यापाठोपाठ बूस्टही कमी करतात.

मागणी उंच, मिळालेला दाब खाली, आणि वेस्टगेट नियंत्रण ९०-९५ टक्क्यांवर टेकलेले, असे चित्र दिसले तर ईसीयूने आपल्याकडून सर्व काही केले आहे. हवा गळते आहे, वेस्टगेट पूर्ण मिटत नाही, टर्बोच्या आधी एक्झॉस्ट फुटला आहे, पुढे कोठेतरी तो तुंबला आहे, किंवा टर्बो झिजला आहे. याउलट नियंत्रणाची टक्केवारी कमी असतानाच दाबही कमी असेल, तर दोष सॉफ्टवेअरमध्ये असण्याची शक्यता मोठी. आयत्या वेळी दुसऱ्या गाडीची फाइल चढवून केलेल्या रिमॅपमध्ये हे आढळते, आणि ट्यूनर ते सहजासहजी मान्य करत नाही. लॉग हातात असला की संभाषण सोपे होते.

आणखी एक खूण लक्षात ठेवण्याजोगी आहे. बूस्ट प्रत्येक वेळी ०.३ किंवा ०.४ बारवर येऊन तेथेच ठाम थांबत असेल, तर तो बहुतेक वेस्टगेटच्या स्प्रिंगचा दाब आहे. म्हणजे गळती नसून नियंत्रण तुटले आहे: वेस्टगेटला आदेश देणाऱ्या सॉलेनॉइडचा (विद्युत झडपेचा) प्लग सुटला आहे, वायर तुटली आहे, किंवा नळ्या चुकीच्या तोंडांना जोडल्या आहेत. गळतीमुळे कमी झालेला दाब असा एका आकड्याला चिकटून राहत नाही.

गळतीचा शोध

सुरुवात हाताने आणि डोळ्यांनी करावी, आणि तीही अगदी अलीकडे ज्या भागाला हात लागला त्यापासून. नवीन इनटेक, मोठा इंटरकूलर, बदललेला डायव्हर्टर व्हॉल्व्ह, अगदी परवाची साधी सर्व्हिससुद्धा या यादीत येते. सांध्यातली ओ-रिंग खाली पडून राहिली आणि पाइप वरून बसल्यासारखा दिसला, हा प्रकार नेहमीचा आहे. सिलिकॉनच्या होजखाली तेलाचा पातळ थर असेल तर क्लिप कितीही आवळली तरी होज सरकतो, कारण क्रँककेसमधून (इंजिनाच्या खालच्या, तेल असलेल्या पोकळीतून) येणारी तेलाची वाफ बूस्टच्या पाइपांत थोडीफार साचतेच. होज काढावा, दोन्ही पृष्ठभाग ब्रेक क्लीनरने पुसून कोरडे करावेत, पाइपाच्या टोकाला उंचवटा आहे की नाही ते पाहावे, आणि साध्या स्क्रूच्या क्लिपऐवजी टी-बोल्ट क्लॅम्प उंचवट्याच्या मागे बसवावा. धूळ चिकटलेला तेलकट डाग हा गळतीचा पत्ता असतो.

त्यानंतर दाबाची चाचणी. यासाठी महाग यंत्र लागत नाही. हार्डवेअरच्या दुकानातून टर्बोच्या इनटेक होजमध्ये बसेल अशा मापाची पीव्हीसीची टोपी घ्यावी, पंक्चरवाल्याकडून तिला ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह बसवून घ्यावा, आणि एअर फिल्टर काढून ती टर्बोच्या तोंडाकडील होजमध्ये क्लिपने आवळावी. रेग्युलेटर असलेल्या कॉम्प्रेसरने ०.३ बारपासून सुरुवात करून हवा भरावी आणि प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी टाकावे. पंक्चर काढताना टपातल्या पाण्यात जसे बुडबुडे शोधतात, तसेच येथेही शोधायचे. दाब हळूहळू गाडीच्या प्रत्यक्ष बूस्टच्या जवळ न्यावा, मात्र त्यापलीकडे नेऊ नये. टोपीच्या समोर उभे राहू नये, कारण ती सुटली तर गोळीसारखी येते.

या चाचणीत दोन गोष्टी फसवतात. क्रँककेसच्या वायुवीजनाची नळी टर्बोच्या तोंडाजवळ जोडलेली असते, तिच्यातून दाब इंजिनाच्या पोटात शिरतो आणि तेलाच्या सीलना इजा होऊ शकते. म्हणून ती नळी काढून तिचे तोंड बंद करावे आणि तेल भरण्याचे झाकण सैल ठेवावे. त्या झाकणातून तरीही हवा जोरात येत राहिली, तर वायुवीजनाच्या व्हॉल्व्हमधील पडदा फाटला आहे का ते तपासावे. दुसरे असे की, एखाद्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह थोडे उघडे राहिल्यास हवा सायलेन्सरमधून निघून जाते. गाडी गिअरमध्ये टाकून थोडी पुढे ढकलली की हा आवाज बंद होतो किंवा बदलतो.

धुराच्या यंत्राने केलेली चाचणी लहान छिद्रे छान दाखवते, पण ती अत्यंत कमी दाबावर होते, आणि येथे मला एका गाडीची हकीकत सांगितल्यावाचून राहवत नाही. माझी स्वतःची १.८ लिटरची रिमॅप केलेली सेडान सकाळी कात्रज घाटात व्यवस्थित ओढायची आणि दुपारी खंबाटकी चढताना पी ०२९९ देऊन बसायची. धुराची चाचणी दोनदा निर्दोष आली. एका गॅरेजने टर्बोचे अंदाजपत्रकही दिले होते. शेवटी गाडी अर्धा तास चालवून, इंजिन गरम असतानाच ०.९ बारपर्यंत दाब दिला, तेव्हा इंटरकूलरच्या गरम बाजूचा सिलिकॉन होज खालच्या अंगाने फुगून ओठासारखा उघडताना दिसला. थंड असताना तो घट्ट मिटलेला असे. नवा होज आणि दोन क्लॅम्प, एवढ्यावर काम झाले. तेव्हापासून गरम इंजिनावर आणि पुऱ्या दाबावर घेतल्याशिवाय मी या चाचणीचा निकाल मानत नाही.

गळतीची जागा इंधनाच्या नोंदींतूनही थोडीफार ओळखता येते. हवेचे वस्तुमान मोजणारा मॅफ सेन्सर असलेल्या गाडीत टर्बोनंतर गळती झाली, तर मोजलेली हवा वाटेत सांडते, इंधन मात्र पूर्ण पडते, मिश्रण गडद होते आणि मागे काळा धूर दिसतो. मॅफ आणि टर्बो यांच्या मधल्या भागात भेग असेल, तर न मोजलेली हवा आत येते आणि मिश्रण पातळ होते. केवळ मॅप सेन्सरवर चालणाऱ्या गाडीत यातले काहीच दिसणार नाही.

डायव्हर्टर व्हॉल्व्हचा उल्लेख वेगळा करावा लागतो. ॲक्सिलरेटर सोडल्यावर दाबलेली हवा परत टर्बोच्या तोंडाशी सोडण्याचे काम तो करतो. त्यातला रबरी पडदा फाटला किंवा पिस्टन तेलाने चिकटला, तर दाब सतत मागच्या दाराने परत जात राहतो, आणि ही गळती बंद यंत्रणेच्या आतच असल्यामुळे बाहेर बुडबुडा दिसत नाही, आवाजही येत नाही. व्हॉल्व्ह काढून पडदा उजेडात ताणून पाहावा. आवाजासाठी बसवलेले, हवा बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह मॅफ असलेल्या गाडीत गिअर बदलताना मिश्रण बिघडवतात. मला तो सौदा कधीच पटलेला नाही.

वेस्टगेट आणि एक्झॉस्टची बाजू

वेस्टगेटचा ॲक्चुएटर, म्हणजे दांडीने ती झडप हलवणारा भाग, तीन प्रकारचा असतो आणि प्रत्येकाचा दोष वेगळ्या दिशेने जातो. दाबावर उघडणाऱ्या ॲक्चुएटरची नळी फुटली, तर त्याला उघडण्याचा आदेशच पोहोचत नाही आणि बूस्ट वाढतो. व्हॅक्यूमवर मिटणाऱ्याची नळी फुटली, तर तो मिटत नाही आणि बूस्ट कमी होतो. विद्युत ॲक्चुएटर बदलल्यावर त्याला स्कॅनरने नवी शिकवणी द्यावी लागते. पहिल्या दोहोंची तपासणी गेज असलेल्या हातपंपाने करावी: ठरलेल्या दाबाला दांडी हलू लागली पाहिजे, आणि पंप थांबवल्यावर काटा जागीच राहिला पाहिजे. दांडी नीट हलत असूनही बूस्ट येत नसेल, तर आतली झडप व तिचा पिन झिजला आहे का पाहावे. आयडलवर किंवा हलक्या ॲक्सिलरेटरवर येणारी धातूची खडखड ही त्याची पूर्वसूचना असते. बूस्ट वाढावा म्हणून दांडी आवळून लहान करणे हा उपाय नव्हे, कारण त्याने दाबाची खालची मर्यादा बदलते आणि गळती झाकली जाते.

एक्झॉस्ट मॅनिफोल्डला तडा असेल, तर सकाळी थंड इंजिनावर टिकटिक ऐकू येते आणि सांध्याजवळ काजळी दिसते. टर्बोला फिरवणारी ऊर्जाच तेथून वाया जाते. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधील प्रदूषण कमी करणारा भाग) तुंबला असल्याचा संशय असेल, तर पुढच्या ऑक्सिजन सेन्सरच्या छिद्रात दाबमापक लावावा: निरोगी पेट्रोल गाडीत आयडलला हा दाब दीड पीएसआयच्या आत असतो.

डिझेल गाड्यांत, उदाहरणार्थ फियाटच्या १.३ मल्टिजेटच्या ९० पीएस प्रकारात, वेस्टगेटऐवजी फिरती पाती असतात. ती काजळीने अडकली की बूस्ट उशिरा येतो किंवा अचानक अति होतो. ॲक्चुएटरची दांडी पूर्ण अंतर मोकळेपणी फिरते का, आणि व्हॅक्यूमच्या बारीक रबरी नळ्या टोकाला भेगाळल्या आहेत का, हे तेथे आधी पाहावे.

आता टर्बो

एवढे सगळे निर्दोष निघाले, तरच टर्बोची पाळी येते. इनटेक होज काढून कॉम्प्रेसरच्या चाकाची पाती पाहावीत: कडा खाल्लेल्या, वाकलेल्या किंवा आवरणाला घासलेल्या असतील, तर वेगळा पुरावा नको. शाफ्ट आत-बाहेर ओढल्यास हालचाल जवळजवळ जाणवू नये. आडव्या दिशेने मात्र किंचित हालचाल साध्या बेअरिंगच्या टर्बोत अपेक्षितच असते, कारण शाफ्ट तेलाच्या पापुद्र्यावर तरंगतो आणि इंजिन बंद असताना ते तेल नसते. एवढ्यावरून टर्बो बाद ठरवण्याची चूक वारंवार होते. चाक आवरणाला टेकत असेल तरच ती हालचाल दोष मानावी.

टर्बो खरोखर गेला असेल, तर तो का गेला, हे कळल्याशिवाय नवा बसवू नये. गळती असताना ईसीयू मागितलेला दाब गाठण्यासाठी टर्बोला अधिकाधिक वेगाने फिरवतो, आणि दीड-दोन लाख आरपीएमच्या पट्ट्यात चालणाऱ्या लहान चाकाला तो जादा वेग सोसत नाही. तेल पुरवणाऱ्या नळीतली जाळी चोंदलेली असेल तरी परिणाम तोच. नवा टर्बो बसवताना ती नळी बदलावी, इंटरकूलरमधले तेल आणि धातूचे कण धुऊन काढावेत, आणि पहिल्यांदा सुरू करण्यापूर्वी इंधन तोडून इंजिन स्टार्टरवर फिरवून तेलाचा दाब येऊ द्यावा.

दुरुस्तीनंतर त्याच चढावर, त्याच गिअरमध्ये पुन्हा लॉग घ्यावा. मागणी आणि पुरवठा यांच्या रेषा एकमेकींना धरून चालल्या, आणि वेस्टगेट नियंत्रणाची टक्केवारी कमाल मर्यादेपासून खाली उतरली, तरच काम झाले असे समजावे. दाब मिळतो आहे पण टक्केवारी अजून ९५ वर आहे, याचा अर्थ कोठेतरी लहान गळती शिल्लक आहे. हा लॉग तारीख, ठिकाण, हवेचे तापमान आणि पेट्रोलचा प्रकार लिहून जपून ठेवावा.